डागकाकू आणि चढावर तापणारी गाडी

गळक्या रेडिएटरला धातू वितळवून डाग देणाऱ्या बाई, म्हणून त्या सगळ्यांच्या डागकाकू. नवखा माणूस हे नाव ऐकून जरा बिचकायचा. मग काकूच मोठ्याने सांगायच्या, "अहो, मी डाग देते, लावून घेत नाही!" आणि स्वतःच्याच विनोदावर पहिल्यांदा स्वतःच हसायच्या.

रेडिएटर म्हणजे गाडीच्या तोंडाशी बसवलेली बारीक नळ्यांची जाळी. इंजिनाचं गरम पाणी तिच्यातून फिरतं आणि वाऱ्याने निवतं. काकूंचे वडील या जाळ्यांचे कारागीर होते. गॅसच्या बत्तीपुढे आणि तेजाबाच्या वाफेत वीस वर्षं काढल्यावर त्यांचे डोळे अधू झाले, तेव्हा काकू दहा वर्षांच्या होत्या. वडील फुटकी जाळी सिमेंटच्या हौदात बुडवायचे, एका तोंडाने हवा भरायचे आणि विचारायचे, "बुडबुडा कुठून येतोय गं?" ही पोर हौदाच्या काठावर पालथी पडून सांगायची, "तिसरी रांग, डावीकडून सातवी नळी." चौदाव्या वर्षी बत्ती तिच्याच हातात आली. लग्न ठरायच्या वेळी तिने मुलाला सरळ सांगितलं, की दुकान सोडणार नाही. मुलगा शिंपी होता, बोलायला कमी. तो म्हणाला, "तुझं दुकान उन्हात आहे, माझं सावलीत. दुपारचा चहा माझ्याकडे प्यायचा." एवढ्यावर संसार ठरला आणि तीस वर्षं चांगला चालला.

पण काळ कुणासाठी थांबतो? पितळी जाळ्या गेल्या, अल्युमिनियमच्या आल्या, वर प्लास्टिकची टोपणं. गळली की फेका आणि नवी बसवा. काकूंकडे उरले ट्रॅक्टर, जनरेटर आणि खंगलेले ट्रक. रस्त्यापलीकडे काचेच्या दर्शनी भागाचं मोठं वर्कशॉप उभं राहिलं. तिथले कामगार एकसारखे निळे शर्ट घालून कामाला यायचे. येणारेजाणारे म्हणायचे, "काकू, आता पाटी उतरवा." काकू म्हणायच्या, "पाटी गंजलीय, निघत नाही."

या काकूंचा जीव अडकला होता तो धाकट्या भावात. त्याला सगळे कप्तान म्हणत. वडील गेले तेव्हा तो जेमतेम आठ वर्षांचा. काकूंनीच त्याला वाढवलं, शिकवलं, बस चालवायला लावलं. पंधरा वर्षं त्याने बस चालवली आणि एकदाही कुठे घासली नाही. मग एका सकाळी उलट्या बाजूने येणारा मालट्रक त्याच्या बसवर आदळला. प्रवासी सगळे वाचले. कप्तानचा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

नकली पाय बसला, चालणं जमलं. पण क्लच दाबायचा तर पायाला कळायला हवं, किती दाबला आणि किती सोडला. लाकडाला ते काय कळणार? दोन वर्षं कप्तान खिडकीत बसून होता. रस्त्यावरून बस गेली की तो न बघता आवाजावरून सांगायचा, "हिचा तिसरा गिअर गेलाय."

मग काकूंनी आणि त्याच्या बायकोने मिळून एक जुनी ऑटोमॅटिक गाडी शोधून काढली. तिला क्लचच नाही. डाव्या पायाने नुसतं बसून राहायचं. पहिल्या दिवशी कप्तानने तिच्यातून गावाला तीन फेऱ्या मारल्या आणि परत येऊन दुकानासमोर असा हॉर्न वाजवला की काकूंच्या नवऱ्याच्या, शिंपीदादांच्या, हातातली सुई गळून पडली. महिन्याभरात त्याला कामही मिळालं. डोंगरावर एक इस्पितळ होतं. तिथल्या सिस्टरांना सकाळी वर न्यायचं, दुपारी खाली आणायचं. सतरा वळणांचा घाट. गाडीत सगळे बसले की कप्तान आरशात बघून विचारायचा, "झालं का? निघू का?" आणि जहाज हाकल्याच्या थाटात गाडी सोडायचा.

सव्वा वर्ष असं झकास गेलं. आणि मग गाडी तापायला लागली.

इंजिन नाही, गिअरबॉक्स. सपाटीवर गाडी लोण्यासारखी जायची. घाटात आठवं-नववं वळण आलं की समोर लाल दिवा पेटायचा, करपल्यासारखा वास यायचा, इंजिन ओरडायचं आणि गाडी मात्र जागच्या जागी रेंगाळायची. अर्धा तास कडेला उभं राहावं, मग पुन्हा शहाण्यासारखी चालायची. काचेच्या वर्कशॉपमध्ये तेल बदललं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिथला इंजिनिअर तरुण होता, सभ्य होता. त्याने गाडीला कॉम्प्युटर लावला आणि तोंड बारीक करून सांगितलं, "गिअरबॉक्सच्या आतल्या चकत्या घसरताहेत. घर्षणाने तेल तापतंय. पूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल."

नवा गिअरबॉक्स म्हणजे जवळजवळ नवी गाडीच. कप्तान बाहेर आला, रस्ता ओलांडला आणि काकूंच्या दुकानातल्या बाकड्यावर बसला. "ताई, संपलं बघ," तो म्हणाला. "पुन्हा खिडकी."

काकूंनी बत्ती विझवली, हात पुसले आणि तशाच काळवंडलेल्या साडीने रस्ता ओलांडून काचेचं दार ढकललं. आयुष्यात पहिल्यांदाच. आतल्या निळ्या शर्टांनी माना वर केल्या.

"साहेब, एक विचारू?" काकू इंजिनिअरला म्हणाल्या. "ती आधी तापते की आधी घसरते?"

"म्हणजे?"

"तुम्ही म्हणता, चकत्या घसरतात म्हणून तेल तापतं. पण तेल तापल्यामुळे पातळ होऊन चकत्या घसरत असतील तर? माणसाला ताप भरला की तो कापतो. कापतो म्हणून त्याला ताप भरला, असं आपण म्हणत नाही."

इंजिनिअरने पेन टेबलावर ठेवलं. "दोन्ही होऊ शकतं."

"मग आधी काय होतं ते बघितलंत?"

दुसरा कुणी असता तर त्याने उडवून लावलं असतं. हा प्रामाणिकपणे म्हणाला, "नाही काकू. आम्ही गाडी घाटात नेली नव्हती. इथल्या इथेच फिरवली." आणि त्याने खणातून आगपेटीएवढं एक यंत्र काढलं. "हे गाडीत स्टिअरिंगखाली जोडा. मोबाईलवर गिअरबॉक्समधल्या तेलाचं तापमान दिसतं. मला आकडे आणून दाखवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी बहीणभाऊ दोघेच घाट चढायला निघाले. काकूंनी मोबाईल दोन्ही हातांत धरला होता. तिसऱ्या वळणाला ब्याण्णव. पाचव्याला एकशे चार. सातव्याला एकशे अठरा.

"ओढतेय का नीट?" काकूंनी विचारलं.

"ओढतेय. मस्त ओढतेय."

आठव्या वळणावर एकशे सव्वीस झाले, तरी गाडीची काही तक्रार नव्हती. नवव्याच्या तोंडाशी एकशे चौतीस, लाल दिवा, आणि मगच इंजिन ओरडलं, गाडीने नांगी टाकली.

"आधी तापते!" काकूंनी टाळी वाजवली. "अरे, आधी तापते! मग घसरते!"

कप्तानने गाडी कशीबशी कडेला लावली आणि बहिणीकडे बघितलं. "गाडी बंद पडलीय आणि तू टाळ्या वाजवतेस?"

"वाजवणारच! अरे, दुखणं गिअरबॉक्सचं नाही. ते थंड होण्याचं आहे. आणि थंड करणं हा माझा धंदा आहे."

हे खरंच होतं. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचं तेल एका नळीतून बाहेर येतं, पुढे रेडिएटरच्या पोटात लपवलेल्या एका छोट्या खोक्यातून फिरतं, थंड होतं आणि दुसऱ्या नळीतून गिअरबॉक्सकडे परत जातं. चढावर हळू गाडी हाकताना तेल घुसळून निघतं, म्हणून तिथे जास्त तापतं. ते पुरेसं थंड होत नसेल, तर बिघाड कुठेतरी या वाटेवरच हवा.

काकूंनी गाडीची पुढची बाजू उघडली. एसीची जाळी आणि रेडिएटरची जाळी, दोघींच्या मध्ये धूळ, पिसं, मेलेले किडे यांचा नुसता गालिचा अंथरला होता. वारा आत शिरणार कुठून? काकू दिवसभर ब्रश आणि पाण्याची बारीक धार घेऊन बसल्या. संध्याकाळी जाळी उन्हासमोर धरली तर पलीकडचा रस्ता दिसत होता. रस्त्यापलीकडे जाऊन त्या इंजिनिअरला ऐकवूनही आल्या, "झालं तुमचं काम. तुमचा गिअरबॉक्स ठेवा तुमच्याकडेच."

जरा घाईच झाली.

दुसऱ्या सकाळी कप्तान चार सिस्टरांना घेऊन निघाला. नववं वळण पार झालं, दहावं झालं, अकरावं झालं. बाराव्याला दिवा लागला. सिस्टर रस्त्यावर उभ्या राहिल्या, मागून येणाऱ्या दुधाच्या गाडीत दाटीवाटीने बसून वर गेल्या. इस्पितळाच्या मोठ्या सिस्टरांचा फोन आला. आवाज रागाचा नव्हता, पण शब्द स्पष्ट होते. "कप्तान, तुमच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण माझ्या पोरींची ड्युटी चुकते. येत्या सोमवारपर्यंत बघा. नाहीतर मला दुसरी गाडी बघावी लागेल."

त्या संध्याकाळी कप्तानने नकली पाय काढून भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हणाला, "विकून टाकू. मिळेल ते मिळेल." तो पाय असा भिंतीला टेकलेला काकूंना बघवेना. घरी येऊन त्या जेवल्याही नाहीत. शिंपीदादा फक्त एवढंच म्हणाले, "तीन वळणं जास्त गेली ना? म्हणजे काहीतरी बरोबर केलंस. आता उरलेलं शोध."

उरलेलं शोधायला काकूंनी दुसरा उपाय केला. परतीची नळी गिअरबॉक्सजवळ सोडवली, तिचं तोंड स्टीलच्या लिटरच्या मापात धरलं आणि कप्तानला इंजिन सुरू करायला सांगितलं. वीस आकडे मोजेपर्यंत माप भरायला हवं, असं इंजिनिअरनेच सांगितलं होतं. त्या मोजायला लागल्या. अठराव्या आकड्याला माप काठोकाठ भरलं.

म्हणजे वाट मोकळी. म्हणजे तेल व्यवस्थित फिरतंय. म्हणजे त्या चुकल्या.

इंजिनिअर स्वतः रस्ता ओलांडून बघायला आला होता. तो टोचून बोलला नाही. उलट त्याचाच चेहरा पडला. "काकू, मलाही वाटत होतं की तुमचं बरोबर निघावं," एवढं बोलून तो गेला. काकूंना मात्र भर चौकात तोंडात मारल्यासारखं झालं. सत्तेचाळीस वर्षांचा अनुभव, आणि एक मोटार दाद देत नाही!

शुक्रवारी एक जनरेटरवाला जाळी घेऊन आला. म्हणाला, "काकू, ही यंत्रावर गळते, काढून बघितली की गळत नाही. मला वेड लागायची वेळ आलीय." काकूंनी सवयीने चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवलं. वडिलांचीच पद्धत होती ती: अशी लबाड जाळी गरम पाण्यात बुडवायची. धातू तापला की पसरतो आणि चीर तोंड उघडते. पाणी कढत झालं, जाळी बुडवली, हवा भरली, आणि एका कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली.

काकू त्या माळेकडे बघत राहिल्या. मग एकदम उभ्या राहिल्या. पातेलं कलंडलं.

"अहो बाई, काय झालं?" जनरेटरवाला मागे सरकला.

"थंड होती!" काकू म्हणाल्या. "आपण माप लावलं तेव्हा गाडी थंडगार होती! तासभर झाडाखाली उभी होती!" जनरेटरवाल्याला यातलं काही कळलं नाही. त्याची जाळी हौदाच्या काठावर ठेवून काकू रस्त्यापलीकडे पळाल्या. सत्तावन्न वर्षांची बाई धावतेय म्हटल्यावर एक सायकलवाला थबकून बघत राहिला.

"साहेब, ती गरम असताना माप लावायचं. तिथेच, घाटात, लाल दिवा लागल्या लागल्या."

इंजिनिअरने घड्याळात बघितलं, मग काकूंकडे बघितलं. "तेल एकशे तीसच्या पुढे असेल. हात भाजेल."

"माझा हात रोजच भाजतो."

"नाही काकू. नळी मी काढणार. हातमोजे आहेत माझ्याकडे. उद्या माझी सुट्टी आहे."

शनिवारी दुपारी तिघे निघाले. मागे तेलाचा डबा, माप, चिमटे, पोतं आणि काकूंनी दुकानातून शोधून आणलेला तेलाच्या नळीचा नवा कोरा तुकडा. बाराव्या वळणावर दिवा पेटला. कप्तानने तिथल्या रुंद जागी गाडी लावली, चाकांना दगड लावले, गिअर पार्किंगमध्ये टाकला. इंजिनिअर पोतं अंथरून गाडीखाली सरकला. शर्ट निळा होता, तो मिनिटात काळा झाला. परतीच्या नळीचं टोक सुटलं.

"कप्तान, इंजिन चालू!"

काकू मोजायला लागल्या. एक, दोन, तीन... वीस झाले. मापात तेल किती? तळ जेमतेम झाकला होता. नळीच्या तोंडातून सुतासारखी धार लोंबत होती.

गाडीखालून आवाज आला, "काकू! बंद आहे! वाट बंद आहे!"

"ओरडू नका. इंजिन बंद कर रे. आता नळीचं दुसरं टोक काढा, रेडिएटरकडचं. आणि तिथे माप धरा."

इथेही धार बारीक आली, तर रेडिएटरच्या पोटातलं खोकं तुंबलेलं. मोठी आली, तर दोष एकट्या नळीचा. कप्तानने पुन्हा चावी फिरवली. तेलाची जाडजूड धार खणखणत मापात पडली आणि काकूंचे सोळा आकडे व्हायच्या आत माप भरून ओसंडलं.

"जाळी निर्दोष आहे!" काकूंनी कुणीतरी घरचं माणूस कोर्टातून सुटल्यासारखं जाहीर केलं. "गुन्हेगार ही नळी!"

त्यांनी ती हातभर रबरी नळी घेतली, निवू दिली आणि चाकूने लांबीत उभी चिरली. तिघांची डोकी एकत्र आली. आतला रबराचा थर बाहेरच्या थरापासून सुटून जिभेसारखा लोंबत होता. नळी थंड असताना ही जीभ आक्रसून भिंतीला चिकटायची आणि तेल बिनबोभाट जायचं. तेल तापलं की ती मऊ पडून फुगायची, प्रवाहाबरोबर उलटायची आणि दारासारखी वाटेत आडवी यायची. जितकं तेल तापे, तितकं दार घट्ट बंद होई. दार बंद, म्हणून तेल आणखी तापे.

"ही तेलाची नळीच नाही," काकूंनी बोटाने रबर चोळून बघितलं. "पाण्याची आहे. मागच्या मालकाने कुठेतरी रेडिएटर बदलून घेतला असणार, तेव्हा कुणीतरी हाताशी आली ती लावून दिली. पाण्याच्या नळीला गरम तेल पाजलं की आतून कुजते."

कप्तानने तो चिरलेला तुकडा उचलला, उलटसुलट करून बघितला. "एवढंसं?" तो म्हणाला. "ताई, एवढ्याशा जिभेने मला घरी बसवलं असतं?" आणि हसता हसता त्याने तोंड दुसरीकडे वळवलं.

नवी नळी तिथल्या तिथे बसली. गाडी निवल्यावर तेल भरून ते खाली आले. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, इंजिनिअरने वर्कशॉप उघडून घेतलं आणि गिअरबॉक्सचं खालचं ताट काढलं. इतक्या वेळा तापल्याने आत किती नुकसान झालंय, ते बघायला हवं होतं. ताटातल्या चुंबकाला करडी बारीक भुकटी चिकटली होती, तीही चिमूटभर. धातूचा एकही कपचा नव्हता. "वाचला," तो म्हणाला. "आणखी महिनाभर असाच चालला असता, तर माझं म्हणणं खरं झालं असतं." त्याने सगळं जुनं तेल काढलं, नवं भरलं, आणि काकूंनी प्रत्येक जोडावर स्वतः हात फिरवून कुठे ओल नाही ना ते बघितलं.

मग आली खरी परीक्षा. दुपारी एक वाजता, ऐन उन्हात, एसी लावून, गाडी गच्च भरून. डिकीत ट्रकच्या दोन पितळी जाळ्या. मागे इंजिनिअर आणि शिंपीदादा. शिंपीदादांच्या मांडीवर एक कोट होता आणि ते त्याला बटणं लावत होते.

"तुम्ही कशाला आलात?" इंजिनिअरने विचारलं.

"वजन म्हणून," शिंपीदादा म्हणाले. मग पुढच्या सीटच्या मागच्या खिशात पडलेला नळीचा तुकडा त्यांनी उचलला, आत बोट घालून बघितलं आणि मान हलवली. "अस्तर सुटलंय. कुणी शिवलं होतं?"

कप्तानने आरशात बघितलं. "झालं का? निघू का?"

पाचवं वळण, सत्त्याऐंशी. काकू आकडे मोठ्याने वाचत होत्या. सातवं, ब्याण्णव. आठव्याला कप्तानचे हात स्टिअरिंगवर आवळले गेले. नववं आलं, गेलं, पंच्याण्णव. दिवा नाही. वास नाही. बाराव्या वळणावरच्या त्या रुंद जागेवर अजून तेलाचा डाग दिसत होता; गाडी त्याच्याकडे न बघता निघून गेली. तेरावं, शहाण्णव. चौदावं, शहाण्णव. समोर एक टेम्पो कण्हत चढत होता. कप्तानने हॉर्न दिला, पाय दाबला, आणि गाडी अशी काही झेपावली की शिंपीदादांचं बटण उडून खिडकीवर आपटलं.

"शहाण्णव!" काकू ओरडल्या. "अरे, हलतच नाहीये आकडा!"

"पंधरा!" इंजिनिअर मागून वळणं मोजायला लागला. तो निम्मा उभा राहिला होता. "सोळा!"

सतरावं वळण संपलं, इस्पितळाची पांढरी भिंत समोर आली आणि चौघेही एकाच वेळी काहीतरी ओरडले. काय ओरडले ते नंतर कुणालाच आठवेना. कप्तानने फाटकातून आत शिरताना जो हॉर्न धरला तो सोडेचना. वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून पांढऱ्या टोप्या बाहेर आल्या. मोठ्या सिस्टर पायऱ्या उतरून आल्या, आधी "इथे पेशंट झोपलेत!" म्हणून दटावलं आणि मग विचारलं, "थांबत थांबत आलात का?"

"एकदाही नाही," कप्तान खाली उतरून म्हणाला. दोन्ही पायांवर ताठ उभा होता. "आणि तिघांना घेऊन आलोय. वर पितळ वेगळं."

मोठ्या सिस्टरांनी गाडीच्या टपावर थाप मारली. "मग उद्या सकाळी सातला. नेहमीच्या जागी."

इंजिनिअर गाडीपासून जरा बाजूला उभा होता. तो काकूंकडे आला आणि म्हणाला, "काकू, मी त्यांना गिअरबॉक्स बदलायला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत."

"कागदावर सही करून सांगितलं होतं."

काकूंनी त्याच्या काळ्या झालेल्या हातांकडे बघितलं. शनिवारी भाजल्याचा एक फोड मनगटावर होता. "साहेब, तुम्ही गाडीखाली शिरलात," त्या म्हणाल्या. "सही करून मोकळे झाला असतात, तर घाटात माप कुणी धरलं असतं आणि मी मोजलं काय असतं?"

मागच्या अंगणात, जिथे इस्पितळाच्या चादरी वाळत होत्या, तिथे मोठं मोकळं मैदान होतं. कप्तानने गाडी तिथे नेली आणि उतरून चालकाच्या बाजूचं दार उघडं धरलं. "बस."

"मी? वेडा आहेस का? मला कुठे येतं?"

"दोन पेडलं आहेत ताई. एकाने जाते, एकाने थांबते. मला जमलं ते तुला जमणार नाही?"

इतकी वर्षं गाड्यांच्या पोटात हात घालणाऱ्या बाईने आजवर एकदाही स्टिअरिंग धरलं नव्हतं. काकू बसल्या. पदर खोचला. पाय ब्रेकवरून उचलला तशी गाडी आपोआप, मुंगीच्या पावलांनी पुढे सरकली, आणि काकूंच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. पहिली फेरी त्यांनी श्वास रोखून मारली. दुसऱ्या फेरीत त्यांनी दोन चादरींना वारा घातला. तिसऱ्या फेरीला त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि पायरीवर बटण शोधत बसलेल्या नवऱ्याला विचारलं, "कुठे सोडू साहेब?"

"सावलीत," शिंपीदादा म्हणाले.

त्यानंतर महिन्याभरात काचेच्या वर्कशॉपमधून काकूंकडे अशाच तापणाऱ्या चार गाड्या आल्या. त्यातल्या दोघींची जाळी खरोखर तुंबली होती, एकीची नळी चेपली होती, आणि चौथीचा गिअरबॉक्स मात्र आतूनच गेला होता. ते काकूंनी गाडी पुरती गरम करून, माप लावून, इंजिनिअरच्या आधी सांगितलं. निळ्या शर्टवाले आता गाडीबरोबर नुसती चिठ्ठी पाठवत नाहीत, स्वतः येतात आणि हौदाच्या काठावर बसतात. काकू त्यांना शिकवतात, मध्येच रागावतातही. "कॉम्प्युटर बघा, जरूर बघा," त्या म्हणतात. "पण गाडी जिथे रडते तिथे जाऊन बघा. इथे झाडाखाली ती हसणारच."

सकाळी पावणेसातला रस्त्यावर दोनदा हॉर्न वाजतो. काकू बत्ती पेटवता पेटवता हात वर करतात. चार पांढऱ्या टोप्या घेऊन गाडी घाटाकडे वळते.